75 रुपये महिना, 900 रुपये तास

डिसेंबर 1890 मध्ये बाळ गंगाधर टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीला राजीनाम्याचे एक लांबलचक पत्र लिहिले. टिळक-आगरकर वादाचे प्रकरण म्हणून आपण ते वाचत आलो. सुधारणा आधी की स्वातंत्र्य आधी, हा त्या वादाचा गाजलेला भाग. पण पत्रात भांडण आहे ते बरेचसे पगार, बक्षिसी, बाहेरची कामे आणि वेळ यांचे. प्राध्यापकाने संस्थेला काय द्यायचे आणि संस्थेने त्याला काय द्यायचे, या प्रश्नावर महाराष्ट्रात इतक्या तपशिलाने झालेले हे पहिले मोठे भांडण असावे. आज तासिका तत्त्वावरचा, म्हणजे तासावर पैसे मिळणारा, प्राध्यापक कायम सेवेचा हक्क सांगणार नाही अशा हमीपत्रावर सही करतो, त्या कागदाची वंशावळ शोधत गेले की या पत्रापाशी येऊन थांबावे लागते.

न्यू इंग्लिश स्कूल 1880 चे, सोसायटी 1884 ची, फर्ग्युसन कॉलेज 1885 चे. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी, आपटे या मंडळींनी मांडलेली योजना साधी होती. सरकारी कॉलेजात गोऱ्या प्राध्यापकाला जे मिळते त्याच्या कितीतरी पट कमी घ्यायचे आणि आयुष्याची उमेदीची वर्षे संस्थेला द्यायची. जो वीस वर्षे देईल तो आजीव सभासद. त्याचा पगार पुढे महिना 75 रुपयांवर स्थिरावला. केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे परत आले तेही याच अटीवर, आणि 1902 मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. सरकारी नोकरीत त्यांना काय मिळाले असते, याचा हिशेब पुण्यात तेव्हा घरोघरी झाला असेल.

या योजनेतल्या त्यागाचे पोवाडे पुष्कळ गायले गेले. तिचा दुसरा भाग मात्र मागे पडला. आजीव सभासद हेच संस्थेचे चालक होते. कॉलेजचा कारभार सभासदांच्या मंडळात ठरे, प्राचार्य त्यांच्यातूनच निवडला जाई आणि पगार वाढवायचा की नाही यावर मत देणारेही तेच. मागणारा आणि देणारा एकाच बैठकीत, एकाच सतरंजीवर. त्यामुळे टिळकांचा वाद मालकाशी नव्हता, बरोबरीच्या सहकाऱ्यांशी होता. त्यांचे म्हणणे असे की सभासदाने सगळा वेळ संस्थेला द्यावा आणि बाहेरून जे मिळेल तेही संस्थेच्या खात्यात जमा करावे. आगरकर आणि इतरांचे म्हणणे असे की संसार वाढतो तसा पगार वाढायला हवा, आणि संस्थेचे काम नीट केल्यावर उरलेला वेळ ज्याचा त्याचा. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले तेव्हा हा वाद अगदी टोकाला गेला. टिळक बाहेर पडले. 1891 मध्ये गणित शिकवायला धोंडो केशव कर्वे आले.

दोन्ही बाजूंना आपापले कारण होते. टिळकांची अट माणसाला सोसण्यापलीकडची होती. आगरकरांची मागणी रास्त होती, आणि दम्याने पोखरलेल्या त्या माणसाला 1895 मध्ये मरण आले तेव्हा त्यांचा संसार काही सुबत्तेत नव्हता. पण भांडणारा प्रत्येक जण सही करणारा होता आणि मत असलेला होता. त्यागाची अट त्यांनी स्वतःच स्वतःवर घातली होती. ज्यांना मत नव्हते, असे केवळ पगारी शिक्षकही शाळा-कॉलेजांत होतेच. त्यांचे म्हणणे या इतिहासात जवळजवळ सापडत नाही. पुढच्या शंभर वर्षांत संख्या त्यांचीच वाढली.

फर्ग्युसनचा कित्ता इतर संस्थांनी गिरवला. आजीव सभासद, आजीव सेवक अशा नावांनी ही पद्धत पसरली. स्वातंत्र्यानंतर तालुक्या-तालुक्यांत कॉलेजे निघाली तेव्हा मात्र चित्र पालटले. आता संस्था काढणारे कुणी साखर कारखान्याचे अध्यक्ष, कुणी आमदार, कुणी गावचे प्रतिष्ठित वकील. प्राध्यापक त्यांच्याकडे नोकरीला. संस्थाचालक आणि शिक्षक ही दोन वेगळी माणसे झाली, भाषा मात्र जुनीच राहिली. ‘आपल्याला ज्ञानयज्ञ चालवायचा आहे’ हे वाक्य आता व्यासपीठावरून समोर बसलेल्यांना ऐकवले जाऊ लागले. मस्टरवर सही एका रकमेची आणि हातात दुसरी, असे अनुभव जुने प्राध्यापक आजही सांगतात. तक्रार करायची कुणाकडे? नेमणारे तेच, काढणारेही तेच.

यातून सुटका झाली ती सरकारी अनुदानातून. 1970 च्या दशकापासून अनुदानित कॉलेजांतल्या शिक्षकांच्या पगाराचा भार शासनाने उचलला, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेतनश्रेणी एकामागून एक आल्या. मुंबईची बुक्टू, पुण्याची पुक्टो, कोल्हापूरची सुटा, नागपूरची नुटा आणि त्या सर्वांचा महासंघ एमफुक्टो या संघटनांनी रस्त्यावर उतरून हे सगळे पदरात पाडून घेतले. 1987 मध्ये प्राध्यापकांचा देशव्यापी संप झाला. 27 फेब्रुवारी 1989, 12 ऑगस्ट 2009 आणि 8 मार्च 2019 हे वेतनश्रेणीचे तीन शासन निर्णय सेवेतल्या कुठल्याही ज्येष्ठ प्राध्यापकाला तारखांसह पाठ असतात. स्थाननिश्चितीच्या फायली घेऊन सहसंचालक कार्यालयात खेटे घातलेल्यांना तर हमखास.

या व्यवस्थेने पोटाचा प्रश्न सोडवला, त्यात शंका नाही. पण वाटाघाटीचे टेबल तिने कॉलेजातून उचलून मंत्रालयात नेले. नेमणूक संस्थेची, पगार शासनाचा, पात्रतेचे नियम आयोगाचे, मान्यता विद्यापीठाची. चौघांपैकी कुणालाही विचारले तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. संघटनेचे शिष्टमंडळ मंत्र्यांना भेटते, आश्वासन मिळते, आंदोलन ‘स्थगित’ होते आणि काही महिन्यांनी शासन निर्णय निघतो. त्या निर्णयाच्या शेवटच्या पानावर ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ या ओळीखाली एका अधिकाऱ्याची सही असते. दुसरी सही नसते. जे काही मिळते ते दिलेले असते, ठरवलेले नसते. अंमलबजावणी अर्धवट झाली तर करार मोडला असे म्हणायची सोय नाही, कारण करारच नाही.

अमेरिकेत हीच गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत 1969 मध्ये प्राध्यापकांचे पहिले सामूहिक करार झाले. पगार, कामाचे तास, बढती, तक्रारींची पद्धत या साऱ्यांवर दोन्ही बाजूंच्या सह्या. कराराला मुदत असते. ती संपली की पुन्हा समोरासमोर बसायचे. खासगी विद्यापीठांत मात्र 1980 मध्ये दार बंद झाले. येशिवा विद्यापीठाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की अभ्यासक्रम, प्रवेश, निकाल यांवर प्राध्यापकांचेच म्हणणे चालते, म्हणजे ते एका अर्थी व्यवस्थापकच. मग व्यवस्थापनाने त्यांच्या संघटनेशी वाटाघाटी करण्याचे कायद्याचे बंधन कशाला?

आपल्याकडचा निकाल आठ वर्षांनी आला आणि तो गोव्यातून गेलेल्या खटल्यावर. करंझाळे येथल्या एका शाळेने 1975 मध्ये एका शिक्षिकेला कामावरून कमी केले. तिने औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागितली. दरम्यान 1978 मध्ये बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्था हा ‘उद्योग’ ठरतो असे म्हटले होते. म्हणून शिक्षिकेला आशा होती. 1988 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की शाळा उद्योग असेल, पण शिक्षक ‘कामगार’ नव्हे. शिकवणे हे अंगमेहनतीचे काम नाही, कारकुनीचे नाही, तांत्रिकही नाही. ते त्याहून वरचे, माणसे घडवण्याचे उदात्त काम आहे. एवढे कौतुक करून झाल्यावर कामगार न्यायालयाचे दार शिक्षिकेला मिळाले नाही. शिक्षकांसाठी वेगळी यंत्रणा असावी, अशी अपेक्षा न्यायालयाने व्यक्त केली. महाराष्ट्रात विद्यापीठ कायद्याखाली न्यायाधिकरण आहे, पण बडतर्फी आणि शिक्षेविरुद्ध तिथे एकेकट्याने अपील करायचे असते. सगळ्यांनी मिळून सेवाशर्ती ठरवायची ती जागा नाही.

येशिवाचा प्राध्यापक व्यवस्थापक म्हणून बाहेर, करंझाळ्याची शिक्षिका गुरू म्हणून बाहेर. मानाचे पान वाढून पंगतीतून उठवण्याचाच हा प्रकार.

वाटाघाटीची हक्काची जागा नसली की हाती उरते ते परीक्षेचे हत्यार. 4 फेब्रुवारी 2013 ला एमफुक्टोने परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि 19 सप्टेंबर 1991 ते 3 एप्रिल 2000 या काळात नेट-सेट या पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसताना नेमलेल्या शिक्षकांचा प्रश्न या मुख्य मागण्या. बहिष्कार 10 मेपर्यंत चालला. आम्ही वर्ग घेतले, फक्त परीक्षेचे काम केले नाही, असे शिक्षकांचे म्हणणे. शासनाने 71 दिवसांचा पगार कापला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. मधल्या मध्ये निकाल रखडलेला विद्यार्थी होरपळला आणि वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत शिक्षकांना त्यागाची आठवण करून दिली गेली. संस्थाचालक या सगळ्यात कुठेच नव्हते. बहिष्काराचा फटका त्यांना बसत नव्हता आणि मागणीही त्यांच्याकडे नव्हती.

तोवर खाली नवी पिढी उभी राहत होती. 1983 मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना वाट मिळाली. पुढे कला-वाणिज्य-विज्ञानातही ‘कायम विनाअनुदानित’ हा शब्द आला. अनुदानित जागा निवृत्तीने रिकाम्या होत गेल्या, भरतीवर बंदी राहिली आणि वर्ग तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, चालू लागले. नेट झालेला, पीएच. डी. असलेला माणूस जूनमध्ये मुलाखत देतो आणि सत्र संपले की मोकळा होतो. त्याच्या नेमणुकीच्या पत्रात नेमणूक निव्वळ तात्पुरती आहे, ती केव्हाही संपुष्टात येईल आणि तिच्या आधारे कायम सेवेचा हक्क सांगता येणार नाही, असे बजावलेले असते. अनेक ठिकाणी हेच त्याच्याकडून हमीपत्रावरही लिहून घेतात. मार्च 2023 च्या निर्णयाने पदवी वर्गाच्या तासाचा दर 900 रुपये झाला. आठवड्याला जास्तीत जास्त 9 तास. चार आठवड्यांचे 32,400, तेही शिकवण्याच्या महिन्यांतच. सुट्टी, परीक्षा, दिवाळी यांचे काही नाही, आणि बिल निघायला पुढचे सत्र उजाडते. कायम सहायक प्राध्यापकाचे नुसते मूळ वेतन 57,700 पासून सुरू होते. कंत्राटी नेमणुका एकूण जागांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नकोत आणि त्यांचा मोबदला कायम प्राध्यापकाच्या एकूण पगारापेक्षा कमी नको, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्याच 2018 च्या नियमांत लिहिले आहे. त्यावर अडून बसणारा मात्र कुणी नाही, कारण ज्याने अडून बसायचे त्याला जूनमध्ये पुन्हा मुलाखत द्यायची असते.

ऑगस्ट 2025 मध्ये गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेगळा सूर लावला. सुमारे 30,000 रुपयांवर वर्षानुवर्षे राबणाऱ्या या शिक्षकांना वेतनश्रेणीचे किमान वेतन द्या, असे सांगताना न्यायालय म्हणाले की समारंभांत गुरूच्या थोरवीचे श्लोक म्हणून भागत नाही. ती थोरवी वागणुकीत दिसायला हवी. 1988 मध्ये जे कौतुक दार लावायला वापरले गेले, तेच इथे उघडायला वापरले गेले.

तरीही हे सारे न्यायालयाने दिलेले आहे, पूर्वी शासनाने दिलेले होते तसेच. फर्ग्युसनच्या आजीव सभासदांनी 75 रुपये कुणाकडून घेतले नव्हते; त्यांनी ते बसून, भांडून, मते मोजून ठरवले होते. तो पगार परत आणायचे कुणाला कारण नाही. परत आणण्यासारखा आहे तो ठरवण्याचा हक्क, आणि तासिकेवरच्या प्राध्यापकासकट. कॉलेजच्या नियामक मंडळात त्याला एक जागा, सेवाशर्तींच्या कागदावर त्याच्या संघटनेची दुसरी सही आणि मुदत संपली की पुन्हा बसायची तारीख. एवढे मिळाले की त्याग करायचा की नाही, हे ज्याचे त्याला ठरवता येईल.