घरच्या तबकडीवर दोन भाषा

ग्रामोफोनची तबकडी आपल्या घरात आली ती ऐकण्यासाठी. तिच्यावर आवाज उमटवणे हे कंपनीच्या स्टुडिओतले काम. घरचा माणूस केवळ श्रोता. पुढे टेपरेकॉर्डर आणि व्हिडिओ कॅसेट यांनी घरच्या माणसालाही नोंद करण्याचा हक्क दिला, पण तबकडी दीर्घकाळ कारखान्याचीच राहिली. घरच्या संगणकावर तयार करून टीव्हीखालच्या साध्या प्लेअरवर लावता येईल अशी चित्रांची तबकडी फार उशिरा, व्हिडिओ सीडीच्या रूपाने हाती आली. तिचा इतिहास तंत्रज्ञानाचा म्हणून सांगितला जातो. आम्हा सीमाभागातल्या माणसांना त्यात भाषेचाही एक धागा दिसतो, तो येथे मांडायचा आहे.

सीडी बाजारात आली १९८२ साली, आणि तीही गाण्यासाठी. बारा सेंटिमीटरच्या त्या तबकडीवरून सेकंदाला किती मजकूर वाचला जाणार हे तेव्हाच ठरून गेले. चित्राला पुढे याच मापात बसावे लागले. १९८८ साली लिओनार्दो कियारिल्योने व हिरोशी यासुदा यांच्या पुढाकाराने एमपीईजी हा तज्ज्ञांचा गट स्थापन झाला. सेकंदाला सुमारे १५ लाख बिट, म्हणजे सीडीला पेलेल एवढ्याच वेगात, चित्र आणि आवाज दोन्ही बसवण्याची रीत त्याने बांधली. १९९३ साली फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी तिच्या आधारे व्हिडिओ सीडीची नियमावली ठरवली. तिला 'व्हाइट बुक' म्हणतात. त्याच वर्षी चीनमधील हफेई शहरात वान्यान या कंपनीने व्हीसीडी प्लेअर तयार केला. पुढे ही तबकडी पाश्चात्त्य देशांपेक्षा आशियातच अधिक रुजली.

नियम कडक होते. आपल्याकडच्या टीव्हीसाठी चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे आणि सेकंदाला २५ चित्रे. चित्रासाठी ११५० किलोबिट, आवाजासाठी २२४. एवढ्या जागेत बसायचे तर तेवढ्याच ठिपक्यांचे मूळ चित्र सुमारे २६ पटींनी आटवावे लागे. त्याची युक्ती अशी की प्रत्येक चित्र पूर्ण न लिहिता मागच्या चित्रापासून जे बदलले तेवढेच बहुतांशी लिहायचे. त्यामुळे मंडपात स्वस्थ बसलेली आजी स्वच्छ दिसे, पण मंगलाष्टके संपून अक्षतांचा वर्षाव सुरू झाला की सगळे चित्र एकदम बदले आणि पडद्यावर चौकोनी तुकडे उमटत. लग्नाच्या व्हीसीडीवर नेमका मुहूर्ताचाच क्षण असा फुटका दिसे, त्याचे कारण हे.

मी काही वर्षे परिचितांच्या कॅसेटी अशा तबकड्यांवर उतरवून देत असे. व्हीसीआर संगणकाला जोडायचा आणि कॅसेट चालवायची. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागत. मग ती आटवणे, आणि शेवटी कोऱ्या सीडीवर लिहिणे. एका सीडीवर ७४ मिनिटे मावत, म्हणून एका लग्नाच्या तीन तबकड्या होत. नुसती फाइल सीडीवर उतरवून भागत नसे. संगणकाला ती दिसे, पण साधा प्लेअर ठरलेल्या जागी, ठरलेल्या नावाचीच फाइल शोधे. शिवाय माहितीच्या सीडीवर एका खणात २०४८ बाइट असतात, तर व्हिडिओ सीडीवर चित्राच्या खणात २३२४. ही जादा जागा चूक दुरुस्त करणाऱ्या खुणा वगळून मिळवलेली. चित्रातला एखादा ठिपका चुकला तरी डोळा तो सोडून देतो, हा त्यामागचा हिशेब. ओरखड्यापुढे मात्र तो हिशेब टिकत नसे.

आता भाषेकडे येतो. व्हीसीडीच्या आवाजाला डावा आणि उजवा असे दोन भाग असत, आणि प्लेअरच्या रिमोटवर त्यांपैकी एकच ऐकण्याची सोय असे. हाँगकाँगच्या कंपन्यांनी तिचा उपयोग केला: एका बाजूला कँटोनीज, दुसऱ्या बाजूला मँडरिन. चित्र एक, तबकडी एक. भाषा कोणती ते ऐकणाऱ्याने ठरवायचे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ज्या घरांत सून कानडी माहेरची आणि सासूबाई मराठीखेरीज बोलत नाहीत, त्या घरांसाठीही ही सोय होती. डाव्या बाजूला आजीचा मूळ आवाज, उजव्या बाजूला त्याच प्रसंगाचे कानडी निवेदन. कोणाची भाषा पुसावी लागत नसे.

डीव्हीडीने ही जागा वाढवली. ती जपानमध्ये नोव्हेंबर १९९६ मध्ये विक्रीस आली. तिच्यावर ४.७ जीबी मजकूर, ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे चित्र, आठपर्यंत ध्वनिपट आणि बत्तीसपर्यंत उपशीर्षकांचे पट. मला तिच्यातली सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. डीव्हीडीवरची उपशीर्षके अक्षरे म्हणून नव्हे, तर चित्रे म्हणून साठवलेली असतात. त्यामुळे प्लेअरला देवनागरी किंवा कन्नड लिपी येण्याची गरजच नाही. कोणत्याही देशात बनलेला प्लेअर आजीच्या बोलण्याखाली कन्नड ओळ निमूटपणे दाखवी.

या तबकड्यांना आयुष्य मात्र मर्यादित आहे. कारखान्यातली सीडी साच्यात दाबून बनते. घरी लिहिलेल्या सीडीत लेसर रंगद्रव्याच्या थरावर खुणा करतो, आणि ऊन, उष्णता व दमटपणा यांनी तो थर विटतो. परावर्तक थर छापील बाजूच्या लाखेखालीच असतो, म्हणून तिथे बॉलपेनने दाबून नाव लिहिले तरी इजा होते. यंत्रेही मागे सरली. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबवले, आणि आज नव्या लॅपटॉपना बहुधा सीडी लावण्याची सोयच नसते.

म्हणून सुचवावेसे वाटते ते एवढेच. कपाटातल्या तबकड्या काढा आणि चालत्या ड्राइव्हवर लावून त्यांची पूर्ण प्रत संगणकावर व दुसऱ्या एखाद्या डिस्कवर घ्या. मोबाइलवर पाहता यावे म्हणून छोटी फाइल करताना पुष्कळदा एकच ध्वनिपट घेतला जातो आणि उपशीर्षके गळतात, तिकडे लक्ष असू द्या. व्हीसीडीचे दोन्ही आवाज एकत्र मिसळू देऊ नका. सीमाभागातल्या पुष्कळ घरांत नातवंडांची शाळेची भाषा आता वेगळी आहे. आजीची मराठी जशी ती बोलत असे तशी, तिच्या हेलासकट, कदाचित त्या तबकडीच्या डाव्या बाजूलाच उरली असेल.