काळा गूळ, काळी मिश्री

दारूबंदी आली आणि काळ्या गुळाला गिऱ्हाईक आलं, असं आमचे आबा सांगायचे. आबा म्हणजे आजोबांचे थोरले भाऊ. 1949 साली मुंबई राज्यात कायदा झाला तेव्हा ते मांजरीच्या एका गुऱ्हाळावर जळव्या होते. रात्र रात्र चुलवाणात चिपाडं सारायची, काहिलीची आच पडू द्यायची नाही. आज मगरपट्ट्यात काचेच्या इमारती आहेत, तिथून पार लोणीपर्यंत तेव्हा ऊसच ऊस होता. सगळी मुठेच्या उजव्या कालव्याची किमया. 1879 मध्ये खडकवासल्याचं धरण पुरं झालं आणि हडपसरची जिराईत रानं हळूहळू बागायत झाली. बागायत झाली म्हणजे मजूर बारमाही जुंपला गेला.

पिवळाधमक गूळ भवानी पेठेत जायचा. काहिलीला लागलेला, करपलेला काळा गूळ अंधार पडल्यावर दुसऱ्या वाटेनं. नवसागर घालून तो डब्यात आंबवायचा. पोलिसांच्या पंचनाम्यात त्याला ‘रसायन’ म्हणतात. मग भट्टी, नळी आणि पहिली धार. ती सायकलच्या ट्यूबमध्ये भरून कमरेला गुंडाळायची, वर सैल सदरा. "ऊस आम्हीच तोडायचा, गूळ आम्हीच शिजवायचा, आन् हप्त्याची मजुरी परत तिथंच न्हेऊन द्यायची," असं म्हणून आबा मोठ्यानं हसत. आजी हसत नसे. तिकडे कॅम्पातल्या साहेबाला प्रकृतीच्या कारणावर परमिट मिळे. ‘परमिट रूम’ची पाटी आपण अजून वाचतो ती त्या काळाची.

दारूविरुद्ध बोलणं पुण्याला नवं नव्हतं. जोतिराव फुले नगरपालिकेचे सभासद होते, 1880 मध्ये त्यांनी दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिलं. 1908 मध्ये टिळकांच्या पुढाकारानं गुत्त्यांसमोर स्वयंसेवक उभे राहिले. तंबाखूकडे मात्र सरकारनं 1943 साली पाहिलं, तेही अबकारी बसवायला. बाईच्या तोंडातली मिश्री तर कुणाच्या खिजगणतीतच नव्हती.

आमच्या घरी मिश्री भाजली की चार घरांना कळे. चुलीवर जुन्या डब्याचा पत्रा, त्यावर तंबाखूची पानं. आजी ती उलथन्यानं दाबत राही. आधी तपकिरी धूर, मग असा ठसका की आम्ही पोरं अंगणात पळायचो. पानं कोळशासारखी झाली की हातानं चुरून वस्त्रगाळ करायची आणि पावडरच्या डब्यात भरायची. डब्यावरची मडम अर्धी खरवडलेली. उजव्या हाताचं पहिलं बोट कायमचं काळं.

दात दुखतात म्हणून लावते, असं ती सांगे. खरं कारण तिनं एकदा आईला सांगितलं, तेव्हा मी जवळच होते. खुरपताना गडी तंबाखू मळायला बांधावर बसत, मुकादम स्वतः चंची पुढे करी. बाई नुसती बसली तर "काय गं, दमलीस?" मिश्री लावायला बसली तर कुणी काही म्हणत नसे. शिवाय भूक मरे. सकाळची भाकरी पोरांत वाटून टाकलेली, दुपारपर्यंत ओढायचं होतं. व्यसनाच्या गोष्टी सांगणारे मनाच्या दुबळेपणावर फार बोलतात. मला वाटतं, त्या रानात विसावा मिळवायचा तेवढा एकच परवाना होता, आणि तो तंबाखूच्या पानावर लिहिलेला होता.

आबा गेले ते पोटात पाणी होऊन. त्यांच्या मागोमाग धाकटा चुलता त्याच वाटेला लागला. अनिल आणि सुनंदा अवचटांनी 1986 साली येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं होतं; काही वर्षांनी चुलत्याला तिथं नेलं. आजीही बसनं सोबत आली. स्टॉपवर आणखी दोघी आया भेटल्या, आपापल्या मुलांसाठी आलेल्या. मुलांची दारू कधी, कशी सुटली असं त्यांचं बोलणं चालू होतं. बोलता बोलता एकीनं कनवटीची डबी काढली, आजीनं तळहात पुढे केला. "तुम्हीपण सोडा की आता," मी म्हटलं.

"आधी त्याची सुटू दे," आजी म्हणाली आणि बोट हिरडीवर फिरवू लागली.