संगणकातली चोरी आणि कायदा

आपल्या ओळखीचेच उदाहरण घेऊ. इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या शाळेत रात्री कोणी शिरला. त्याने जनरल रजिस्टर उघडून मुलांची नावे, पत्ते, जन्मतारखा वहीत उतरवून घेतल्या आणि रजिस्टर जागेवरून न हलवता तो निघून गेला. चोरी झाली का? अतिक्रमण झाले खरे, पण चोरी नव्हे. 2024 पर्यंत लागू असलेल्या 1860 च्या भारतीय दंड संहितेप्रमाणे चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू लबाडीने हलवणे असे. माहितीची नक्कल केली तरी मूळ माहिती मालकापाशी राहतेच. रजिस्टर संगणकात गेल्यावर तर चोराला भिंतही ओलांडावी लागेना.

यावर उपाय म्हणून आपण ज्याच्याकडे पाहतो तो माहिती तंत्रज्ञान कायदा 17 ऑक्टोबर 2000 पासून लागू झाला. पण मुळात तो व्यापारासाठी होता. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविषयक आयोगाने 1996 साली एक नमुना कायदा तयार केला होता. त्या धर्तीवर इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज आणि सह्यांना मान्यता देणे, हा त्याचा मुख्य हेतू. गुन्ह्यांची कलमे त्यामानाने थोडी. त्यातले कलम 66 ‘हॅकिंग’चे. गंमत अशी, की त्याच्या व्याख्येत चोरून शिरणे ही अटच नव्हती! नुकसान होईल हे ठाऊक असून संगणकातली माहिती नष्ट करणे, बदलणे किंवा तिचे मोल कमी करणे, म्हणजे हॅकिंग. परवानगीशिवाय शिरून नक्कल करणे हे कलम 43 मध्ये होते आणि त्याला कैद नव्हती, फक्त भरपाई होती. 2008 ची दुरुस्ती 27 ऑक्टोबर 2009 रोजी अमलात आली, तेव्हा ‘हॅकिंग’ हा शब्दच कलम 66 मधून गेला आणि कलम 43 मधली कृत्ये लबाडीने केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद ठरली.

तपासाचा अधिकार आरंभी किमान पोलीस उपअधीक्षकाला होता. म्हणजे तक्रार इंदापूरच्या ठाण्यात दिली, तरी तिथल्या निरीक्षकालाही तपास करता येत नसे. दुरुस्तीनंतर तो अधिकार निरीक्षकापर्यंत उतरला. फौजदाराला तो तेव्हाही मिळाला नाही. भरपाईची वाट निराळी. 2003 पासून प्रत्येक राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव हेच निवाडा अधिकारी. बारामती-इंदापूरकरांसाठी याचा अर्थ मुंबई.

या वाटेवरचा एक निकाल पुण्यातला आहे. तिथल्या एका उद्योगाच्या चालकाने बँकेच्या नावाने आलेल्या बनावट ई-मेलला उत्तर दिले आणि पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून 80 लाख 10 हजार रुपये गेले. 2013 साली निवाडा अधिकारी राजेश अग्रवाल यांनी बँकेला 45 लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ई-मेलला उत्तर देण्यात खातेदाराचीही चूक होती, म्हणून नुकसानीचा वाटा त्याच्यावरही आला. पण पैसे ज्या बनावट खात्यांत गेले, ती उघडताना बँकेने पुरेशी तपासणी केली नव्हती. ‘तूच गुप्त क्रमांक दिलास’ एवढे म्हणून बँकेची सुटका झाली नाही, हे मला या निकालात मोलाचे वाटते.

मात्र अशा निकालांवरचे अपील ज्या सायबर न्यायाधिकरणापुढे जाई, त्याला 2011 च्या मध्यापासून अध्यक्षच नव्हता. 2017 साली ते काम दूरसंचार तंटा न्यायाधिकरणाकडे सोपवले गेले, तोपर्यंत ही अवस्था होती.

त्याच वर्षी, 24 ऑगस्ट 2017 रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. पुढे 2023 साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. माहिती नीट न सांभाळणाऱ्याला त्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण हा दंड सरकारी तिजोरीत जमा व्हायचा आहे. आणि निष्काळजी कंपनीकडून भरपाई मिळवून देणारे जुन्या कायद्यातले कलम 43-अ वगळण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. ज्याची माहिती फुटली, त्याच्या हाती काय पडणार, याचे उत्तर नव्या कायद्यात मला सापडलेले नाही.