भंगारातलं डिझेल इंजिन घेताय? पाना लावण्याआधी ब्लॉकवरचा नंबर बघा

गाडीची बॉडी धड, टायर धड, पण इंजिन बसलं. भाजी, दूध, खताची पोती किंवा प्रवासी घेऊन तालुक्याला फेऱ्या मारणाऱ्या जीप-पिकअपच्या मालकावर ही वेळ कधी ना कधी येतेच. मेस्त्री फुल इंजिन कामाचा अंदाज सांगतो: लायनर-पिस्टन, क्रँकचं लेथकाम, बेअरिंग, हेड, पंप, नोझल. तो आकडा ऐकला की बहुतेकांच्या मनात एकच विचार येतो, की भंगारात उभ्या असलेल्या गाडीचं चालू इंजिन मिळालं तर?

मिळतं. मुंबईत कुर्ल्याला जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे आणि जिल्ह्याच्या गावाबाहेर हमरस्त्याला लागून भंगाराची आवारं असतातच. तिथलं इंजिन चांगलं निघालं तर गाडी आणखी काही वर्षं पोट भरते. फसलं तर इंजिनाचे पैसे, उतरवण्या-बसवण्याची मजुरी आणि गाडी उभी राहिलेले दिवस, असं तिन्हीकडून नुकसान होतं. इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर वर पोलीस ठाण्याच्या फेऱ्या. म्हणून पाना नंतर, आधी नंबर.

नंबर, आरसी आणि पावती

प्रत्येक इंजिनाच्या ब्लॉकवर सपाट जागी नंबर ठोकलेला असतो आणि तोच आरसीवर छापलेला असतो. ग्रीस आणि धूळ पुसून, डिझेलचा बोळा फिरवून तो स्पष्ट वाचावा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. अक्षरं वेडीवाकडी, एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल, किंवा त्या जागेवर ग्राइंडर फिरल्यासारखी चकाकी दिसली तर तिथूनच परत फिरावं. मालक कितीही स्वस्तात देत असला तरी. स्वस्त देण्याचं कारण बहुधा त्या चकाकीतच असतं.

इंजिन ज्या गाडीतून निघतंय तिच्या आरसीची प्रत मागावी. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की ती कुठल्या प्रकारची, कधीची आणि तिची नोंदणी चालू आहे की रद्द, हे कळतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की मालकाने 14 दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवायचं असतं. सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात गाडी जमा केली तर तिथून ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि नोंदणी रद्द होते. 2021 च्या नियमांनी ही पद्धत आली. असा कागद असलेल्या गाडीचं इंजिन घेणं सगळ्यात निर्धास्त.

पावती पक्की हवी. त्यावर इंजिन नंबर, जुन्या गाडीचा नंबर, तारीख, रक्कम, विकणाऱ्याची सही आणि सोबत त्याच्या ओळखपत्राची प्रत. ‘आपल्यात कागद कशाला’ असं म्हणणारा माणूस चार महिन्यांनी ओळख देईलच असं नाही. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा होतो. घेणाऱ्याने प्रामाणिकपणे घेतलं, हे दाखवायला ही पावतीच उपयोगी पडते.

नाव एक, इंजिनं चार

गावाकडे सर्रास होणारी चूक म्हणजे ‘बोलेरोचं इंजिन पाहिजे’ एवढंच सांगणं. 2000 साली आलेल्या सुरुवातीच्या बोलेरोला प्यूजोचं 2498 सीसीचं इंजिन होतं. मग महिंद्राचं 2523 सीसीचं डीआय इंजिन आलं, ज्याचा पंप पूर्ण मेकॅनिकल. त्यानंतर तेवढ्याच 2523 सीसीचं, पण कॉमन रेलवर चालणारं सीआरडीई आलं. पुढे पॉवर प्लसला 1493 सीसीचं, तीन सिलिंडरचं एमहॉक बसलं. यातल्या मधल्या दोघांचा सीसी सारखा असल्यामुळे ‘बसेल की’ असं ठोकून सांगणारे भेटतात. ब्लॉक बसेलही, पण गाडी चालायची नाही.

मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाला डिझेल, हवा आणि स्टॉप सोलेनॉइडची एक वायर मिळाली की ते चालतं. कॉमन रेल इंजिन म्हणजे अर्धं यंत्र, अर्धा कॉम्प्युटर. त्याच्याबरोबर ईसीएम, पूर्ण वायरिंग, सगळे सेन्सर, ॲक्सिलरेटर पेडल आणि किल्लीचा संच जुळायला लागतो. इंजेक्टरवर कोड असतात, ते ईसीएमला सांगावे लागतात. ज्याच्याकडे स्कॅनर नाही अशा मेस्त्रीने या कामाला हात न घालणंच बरं.

प्रदूषणाचा टप्पाही बघायला हवा. 1 एप्रिल 2017 पासून देशभर बीएस-4 आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं. नव्या टप्प्याच्या गाडीत जुन्या टप्प्याचं इंजिन टाकलं तर आरटीओ नोंद करून देणार नाही.

उतरवण्याआधीची तपासणी

इंजिन अजून गाडीतच असेल तर उत्तम. जमिनीवर काढून, धुऊन, रंग मारून ठेवलेल्या इंजिनापेक्षा मळलेलं, गाडीत बसलेलं इंजिन जास्त खरं बोलतं. गाडी भंगारात का आली हे आधी विचारावं. मागून ठोकलेल्या, विम्यात टोटल लॉस झालेल्या गाडीचं इंजिन ठणठणीत असू शकतं. समोरून ठोकलेली असेल तर क्रँक पुली, पाण्याचा पंप, फाउंडेशनचे कान आणि ब्लॉकची पुढची बाजू बारकाईने बघावी.

सगळ्यात फसवी असते ती पुरातली गाडी. ऑगस्ट 2019 चा सांगली-कोल्हापूरचा पूर, 22 जुलै 2021 चा चिपळूणचा पूर, अशा वेळी गाड्याच्या गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी बाहेरून कमी किलोमीटरची, चकचकीत दिसते. पण सिलिंडरमध्ये पाणी राहिलं की लायनरला गंज धरतो, आणि कुणी पाण्यातच सेल्फ मारला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलेला असतो, कारण पाणी दाबलं जात नाही. डॅशबोर्डच्या आत, हेडलाइटच्या काचेत, सीट बेल्ट पूर्ण ओढल्यावर त्याच्या शेवटच्या वितीत गाळाची रेघ दिसते का बघावं. ऑइल चेंबरचा नट थोडा सैल केल्यावर आधी पाणी किंवा चिखल आला तर विषय संपला.

पूर नसला तरी तपासायचं ते पुढीलप्रमाणे. पट्टीवरचं ऑइल काळं असणं डिझेलला साहजिक आहे, पण दुधाळ असेल तर हेड गॅस्केट गेलंय, हेड किंवा ब्लॉकला चीर आहे किंवा ऑइल कूलर फुटलाय. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग हीच गोष्ट उलट्या बाजूने सांगतो. क्रँक पुलीच्या नटाला गोटी पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावं. दाब येतो आणि सुटतो, असं चारही वेळा जाणवलं पाहिजे. मध्येच टणकन अडलं तर जोर लावू नये.

बॅटरी जोडून चालू करता आलं तर सोन्याहून पिवळं. मात्र मालकाने आधीच तापवून ठेवलेलं इंजिन सांगण्यासारखं काही सांगत नाही. थंड असताना किती सेल्फवर उठतं ते बघायचं. चालू असताना ऑइल टाकायचं झाकण काढावं. हलका श्वास सगळीच जुनी इंजिनं टाकतात, पण फकफक करत धूर आणि ऑइलचे थेंब उडाले तर मेस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते आहे, म्हणजे रिंगा आणि लायनर संपले. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी जळतंय किंवा नोझल, कॉम्प्रेशन गेलंय.

चालू करता येत नसेल तर कॉम्प्रेशन गेज लावून घ्यावा, ज्याच्याकडे नोझलच्या किंवा हीटर प्लगच्या जागेचा ॲडॉप्टर आहे अशा मेस्त्रीकडून. चांगल्या डिझेल इंजिनाला साधारण 350 ते 450 पीएसआय मिळतो, पण एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरातला फरक महत्त्वाचा. तीन सारखे आणि एक बराच खाली असेल तर त्या एकात काम आहे. टर्बो असेल तर पाइप काढून पाती बोटाने हलवावी. किंचित हलणं चालतं, पण पाती घराला घासली असतील तर टर्बोचा खर्च इंजिनाच्या किमतीतून वजा करून बोलावं.

उतरवताना

भाव ठरवतानाच काय काय सोबत येणार हे पावतीवर लिहून घ्यावं. इंजिन एकटं स्वस्त पडतं. डिझेल पंप, नोझल, टर्बो, सेल्फ, अल्टरनेटर, फ्लायव्हील, फाउंडेशनचे ब्रॅकेट आणि पाइप वेगवेगळे गोळा करायला लागले की तो स्वस्तपणा संपतो. साधा एक ब्रॅकेट नाही म्हणून गाडी आठ-आठ दिवस उभी राहते. काढण्याआधी चारही बाजूंनी फोटो, प्रत्येक वायरला चिकटपट्टीवर पेनाने खूण, आणि नट-बोल्ट ज्या जागेचे त्या पिशवीत.

आधी बॅटरीची मायनस वायर सोडायची. पाणी आणि ऑइल डब्यात काढायचं. जळकं ऑइल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतलं तर ते प्यायच्या पाण्यात उतरतं. मग बॉनेट, पुढची जाळी, रेडिएटर, फॅन. डिझेलचे येण्या-जाण्याचे पाइप सोडले की त्याच क्षणी पंपाची आणि नोझलची तोंडं स्वच्छ टोप्यांनी किंवा पॉलिथिन बांधून बंद करायची. नोझलच्या भोकात गेलेला धुळीचा कणसुद्धा महागात पडतो. कॉमन रेल इंजिन चालू असताना किंवा नुकतंच बंद केलेलं असताना रेलचा पाइप कधीच सोडू नये. आत हजार बारच्या पुढे दाब असतो, डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते आणि बोट कापायची वेळ येते.

सायलेन्सरचे बोल्ट गंजलेले असतात. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर ते तुटत नाहीत. त्यानंतर क्लचची जोडणी, सेल्फ आणि गिअर बॉक्सच्या घंटीचे बोल्ट.

जीप-बोलेरोच्या चार सिलिंडर इंजिनाचं वजन सगळ्या सामानासकट दोन क्विंटलच्या पुढे जातं. चेन पुली लोखंडी गर्डरला किंवा खास तिकाटण्याला लावावी. कडुलिंबाच्या फांदीला दोर बांधून इंजिन काढणारे बहाद्दर आहेत, पण फांदी तुटताना आवाज देतेच असं नाही. साखळी इंजिनाच्या मूळ कड्यांनाच लावायची, टर्बोला किंवा मॅनिफोल्डला नाही. वजन साखळीवर घेतल्यावरच फाउंडेशनचे शेवटचे नट सोडायचे. लटकत्या इंजिनाखाली हात नाही, पाय नाही, माणूस तर नाहीच.

गिअर बॉक्स जुन्या गाडीतच ठेवायचा असेल तर त्याखाली जॅक किंवा लाकडी ठोकळा हवा. इंजिन सरळ रेषेत पुढे ओढावं लागतं. ते वाकडं होऊन गिअर बॉक्सच्या शाफ्टवर लोंबकळलं की क्लच प्लेटची मधली जाळी वाकते, आणि बसवल्यावर क्लच सुटत नाही, मग सगळं पुन्हा खाली. टेम्पोत ते उभंच ठेवावं, चेंबरवर नव्हे तर जुन्या टायरवर टेकवून, दोन बाजूंनी आवळून.

बसवण्याआधी आणि पहिला स्टार्ट

इंजिन बाहेर असताना क्रँकची मागची ऑइल सील, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदलून टाकावं. नंतर याच कामासाठी पुन्हा गिअर बॉक्स उतरवावा लागतो. इंडिकासारख्या टायमिंग बेल्टच्या इंजिनाला बेल्ट नवीनच टाकावा. ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर नवे. हातपंपाने एअर काढल्यावर स्टॉप सोलेनॉइडची वायर काढून ठेवून थोडा-थोडा सेल्फ मारावा, ऑइलचा दिवा विझला की मगच वायर जोडावी.

पहिल्या स्टार्टला हवेच्या पाइपाचं तोंड उघडं आणि शेजारी एक सपाट फळी तयार ठेवावी. जुना टर्बो ऑइल ओढायला लागला किंवा पंप अडकला तर इंजिन सुसाट सुटतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. तेव्हा फळीने हवा बंद करायची, हाताने नाही.

आरटीओची नोंद

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते. बदलानंतर 14 दिवसांत कळवायचं असतं, पण इंजिन विकत घेण्याआधीच आरटीओत विचारून परवानगीचा अर्ज दिलेला चांगला. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सची लेखी संमतीही लागते. निरीक्षक ब्लॉकवरचा नंबर आणि पावती ताडून बघतात. गाडी कंपनीने ठरवलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली स्पष्ट केलंय. त्यामुळे त्याच मॉडेलचं, त्याच इंधनाचं इंजिन असेल तर काम सरळ होतं. पेट्रोलच्या गाडीत डिझेल किंवा भलतंच मोठं इंजिन अडकतं.

नोंद झाल्यावर विमा कंपनीला नवा नंबर लेखी कळवून पॉलिसीवर दुरुस्ती करून घ्यावी. अपघातानंतर पॉलिसीवर एक नंबर आणि ब्लॉकवर दुसरा निघाला, तर कंपनीला दावा अडवायला आयतं कारण मिळतं. गाडीत माणसं बसलेली असतील तर तो बोजा मालकाच्या घरादारावर येऊ शकतो.

आणि स्वतःच्या गाडीतून निघालेलं जुनं इंजिन भंगारवाल्याला देताना त्याच्याकडूनही नंबर लिहिलेली पावती घ्यावी.