भिश्ती : एका शब्दाची वंशावळ



गेल्या वर्षी मी वर्गाला 'आमच्या आजोबांचा उद्योग' हा निबंध लिहावयास सांगितला. एका विद्यार्थ्याने वही कोरीच दिली. जवळ बोलावून विचारले, तेव्हा हळूच म्हणाला, "सर, आजोबा भिश्ती होते. लिहिलं की पोरं हसतात."

त्या दिवशी नेहमीचा धडा बाजूला ठेवला व फळ्यावर एकच शब्द लिहिला : भिश्ती.

आपल्या शहरास सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने नहर दिली. पण हौदापासून घरच्या रांजणापर्यंत पाणी न्यावयास मशकवालाच लागे. 'भिश्ती' हे फारसी 'बिहिश्ती'चे रूप. बिहिश्ती म्हणजे स्वर्गातला! तहानलेल्यास पाणी पाजणाऱ्याला लोकांनी दिलेले हे नाव. आपल्यापैकी अनेकांच्या घरी 'बहिश्ती जेवर' हा ग्रंथ असेल. त्यातला शब्द हाच.

मात्र हा शब्द अरबी नव्हे. कुरआन शरीफमध्ये 'जन्नत' आहे. 'बिहिश्त'चे मूळ पारशी बांधवांच्या अवेस्ता या धर्मग्रंथाच्या भाषेत सापडते. तेथे 'वोहू' म्हणजे चांगले, 'वहिश्त' म्हणजे सर्वांत चांगले आणि 'अहू' म्हणजे अस्तित्व. सत्याने वागणाऱ्यास मरणोत्तर लाभणारे सर्वोत्तम अस्तित्व ते 'वहिश्त अहू'. पुढे 'अहू' गळाले व नुसते विशेषणच स्वर्गाचे नाव झाले. याउलट 'दोजख'च्या मुळाशी 'वाईट अस्तित्व' असा अर्थ आहे. इराणने इस्लाम स्वीकारला तरी हे शब्द फारसीत राहिले आणि तेथून आपल्या घरांत आले.

आता गंमत पाहा. संस्कृत 'स'च्या जागी इराणी भाषांत बहुधा 'ह' येतो. सप्ताह आणि हफ्ता तर आपण रोज बोलतो. त्याच नियमाने 'वहिश्त'चे संस्कृत भावंड कोणते? 'वसिष्ठ'! ऋषींचे नाव आणि मशकवाल्याचे नाव सख्ख्या नात्यातले निघावे, याचे मुलांना फार नवल वाटले.

या भाषांचा अभ्यास आपल्या महाराष्ट्रातही झाला आहे. १८५९ ते १८६६ या काळात पुण्यात संस्कृत शिकविणारे जर्मन पंडित मार्टिन हाऊग आणि पारशी धर्मगुरू दस्तूर होशंग जामास्प यांनी वेस्ट यांच्यासह 'अर्दा विराफ' हा पहलवी ग्रंथ १८७२ साली प्रसिद्ध केला. त्याचा विषयच मुळी स्वर्ग-नरकाचे दर्शन!

तास संपल्यावर तो मुलगा वही घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी निबंध लिहून आणला, वही देताना फक्त एवढेच विचारले, "सर, 'श्ती' दीर्घच ना?"