दोष आणि दंड : ‘पापमुक्तिपत्र’ या शब्दाचा फेरविचार

शालेय इतिहासातून युरोपातील धर्मसुधारणेची चळवळ शिकलेल्या मराठी वाचकाला ‘पापमुक्तिपत्र’ हा शब्द ठाऊक असतो. काही पुस्तकांत तो ‘क्षमापत्र’ असाही येतो. पोपने पैसे घेऊन पापांची क्षमा विकली आणि मार्टिन ल्यूथरने त्याविरुद्ध बंड केले, एवढाच त्या प्रकरणाचा आशय विद्यार्थ्याच्या मनात राहतो. आमचे धर्मशिक्षक, कॅथलिक असोत वा प्रॉटेस्टंट, बहुधा याच पुस्तकांवर वाढलेले आहेत. परिणामी वर्गात हा विषय निघाला की एक पक्ष ओशाळतो, दुसरा सुखावतो, आणि वादाचा खरा मुद्दा दोघांच्याही हाती लागत नाही. त्या मुद्द्यापर्यंत पोहोचण्यात आपल्या भाषेतील हा शब्दच आडवा येतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मूळ लॅटिन शब्द ‘इंडल्जेन्शिया’ हा होय. रोमन कायद्याच्या भाषेत करात किंवा शिक्षेत दिलेली सूट, असा त्याचा अर्थ होता. कॅथलिक शिकवणुकीनुसार पापाचे परिणाम दोन. एक दोष, म्हणजे देवाशी असलेला संबंध तुटणे. आणि दुसरा दंड. दोषाची क्षमा ख्रिस्ताच्या पुण्याईने, पश्चात्तापी माणसाला, पापनिवेदनाच्या संस्कारात मिळते. ती मिळाल्यानंतरही पापाने मागे ठेवलेला जो तात्पुरता दंड इहलोकी अथवा शुद्धिस्थानात भोगावयाचा उरतो, त्यात ख्रिस्तसभेने दिलेली सूट म्हणजे इंडल्जेन्शिया. म्हणून पुढे या लेखात ‘दंडसूट’ हाच शब्द वापरला आहे. पापापासून मुक्ती देण्याचा दावा त्या शिकवणुकीने कधी केला नव्हता. विक्रेत्यांनी तसे भासविले, ही गोष्ट निराळी. आणि ती त्यांनी मोठ्या प्रमाणावर केली, हेही खरे.

दंडसुटीचा उगम व्यापारात नाही, छळात आहे. इ. स. २५० मध्ये सम्राट डेसियसच्या छळकाळात उत्तर आफ्रिकेतील अनेक ख्रिस्ती लोकांनी भयापोटी रोमन देवतांपुढे बळी दिले. पुढे त्यांना परत यावेसे वाटू लागले. त्या काळच्या शिस्तीप्रमाणे त्यांना दीर्घकाळ उघड प्रायश्चित्त घेणे भाग होते. तेव्हा हे लोक तुरुंगात ख्रिस्तासाठी यातना सोसणाऱ्यांकडे गेले व त्यांच्याकडून शिफारसपत्रे आणू लागले : या बंधूला लवकर पदरात घ्यावे, अशा आशयाची. कार्थेजचे बिशप सिप्रियन यांच्यापुढे पेच पडला. यातना सोसलेल्यांचा शब्द मोडवत नव्हता. पण चिठ्ठी दाखवून प्रायश्चित्त टळू लागले तर पश्चात्तापाला अर्थ उरणार नव्हता. चिठ्ठीचा मान राखावा, निर्णय मात्र बिशपांनी एकत्र बसून व माणसाचा पश्चात्ताप पाहून करावा, असा मार्ग त्यांनी काढला. एकाने सोसलेले दुसऱ्याच्या उपयोगी पडू शकते काय, आणि पडत असेल तर ते कोणाच्या अधिकाराने, हे दोन्ही प्रश्न येथेच उभे राहिलेले दिसतात.

पुढील वाटचाल थोडक्यात सांगता येईल. आयरिश मठांतून सहाव्या शतकापासून प्रत्येक पापाला ठराविक दिवसांचे प्रायश्चित्त नेमणाऱ्या पोथ्या तयार झाल्या. (जुन्या प्रार्थनापुस्तकांतील ‘चाळीस दिवसांची’ दंडसूट ही त्या दिवसांच्या हिशेबातली आहे, शुद्धिस्थानातील दिवसांशी तिचा संबंध नाही. अनेक भाविक आजही उलट समजतात.) १०९५ मध्ये दुसरे अर्बन यांनी जेरुसलेमच्या मोहिमेला संपूर्ण प्रायश्चित्ताचे मोल दिले. १३०० मध्ये आठवे बोनिफेस यांनी पहिले ज्युबिली वर्ष पुकारले. १३४३ मध्ये सहावे क्लेमेंट यांनी ख्रिस्ताच्या व संतांच्या पुण्यसंचयाचा सिद्धांत मांडला आणि १४७६ मध्ये चौथे सिक्स्टस यांनी मृतांसाठीही दंडसूट लागू केली. १५१५ मध्ये रोमच्या संत पीटर मंदिरासाठी दहावे लिओ यांनी जी दंडसूट जाहीर केली, तिच्या जर्मनीतील उत्पन्नाचा अर्धा भाग माइन्झचे आर्चबिशप आल्ब्रेख्त यांच्या डोक्यावरील फुगर सावकारांच्या कर्जफेडीला जावयाचा होता. हे भाविकांना सांगितले गेले नव्हते.

१५१७ च्या ल्यूथरच्या प्रबंधसूत्रांत पैशापेक्षा एका शब्दाचा वाद अगोदर येतो, ही गोष्ट आमच्या वाचनातून सुटते. प्रभूच्या पहिल्या उपदेशातील आज्ञा लॅटिन बायबलमध्ये ‘प्रायश्चित्त करा’ असा अर्थ निघेल अशा शब्दांत होती. ग्रीक मूळ मन पालटण्याविषयी बोलते. ही आज्ञा केवळ याजकापुढील संस्कारापुरती नाही, ख्रिस्ती माणसाचे सबंध जीवन व्यापणारी आहे, हा ल्यूथरचा पहिला मुद्दा. त्या वर्षी त्यांनी दंडसूट सर्वस्वी नाकारलेलीही नव्हती. पोप स्वतः लादलेला दंडच माफ करू शकतो, देवाचा नव्हे, आणि खऱ्या पश्चात्तापी माणसाला पत्राविनाही दोष व दंड या दोहोंतून सुटका आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

मराठी बायबलने येथे ‘पश्चात्ताप’ हा शब्द घेतला, आणि ‘प्रायश्चित्त’ हा शब्द योहानाच्या पहिल्या पत्रात ख्रिस्ताच्या कार्यासाठी राखला. कॅथलिक बोलीत मात्र याजकाने नेमून दिलेली प्रार्थना वा कृत्य तेही प्रायश्चित्तच. प्रॉटेस्टंट श्रोत्याला वाटते, ख्रिस्ताने एकदा केलेले प्रायश्चित्त हे लोक पुन्हा करू पाहतात. अर्धा गैरसमज भाषेचा आहे. उरलेला अर्धा खरा मतभेद आहे.

शिवाय या शब्दामागे महाराष्ट्राची स्वतःची स्मृती आहे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदींवर ग्रामण्य उभे राहिले. टिळकांनी काशीस घेतलेल्या प्रायश्चित्ताचा दाखला पुढे केला. रानड्यांनी १८९२ मध्ये स्वकीयांच्या समाधानासाठी प्रायश्चित्त घेतले व सुधारकांची टीका ओढवून घेतली. अंतःकरणाचा पालट न होताही विधी व दाखला यांनी समाजाचे समाधान होते, हे मराठी वाचकाने जवळून पाहिले होते. ‘पापमुक्तिपत्र’ हा शब्द त्याला इतका सहज पटला, यामागे हा अनुभवही असावा.

कॅथलिक बाजूने सुधारणा झाली, पण ती सरळ रेषेत नव्हे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने डिसेंबर १५६३ मध्ये दंडसुटीचा उपयोग कायम ठेवून तिच्यातील धनलोभाचा निषेध केला, व १५६७ मध्ये पाचवे पायस यांनी पैशाशी जोडलेल्या दंडसुटी रद्द केल्या. तरीही १५९१ पासून पोर्तुगालच्या साम्राज्यात, अर्थात गोव्यासह, ‘बुला दा क्रुझाद’ चालू राहिला. ठरलेले दान देऊन घ्यावयाच्या या पत्रात दंडसुटीबरोबर उपवासकाळातील सवलतीही मिळत, आणि उत्पन्न उत्तर आफ्रिकेतील किल्ल्यांकडे वळविलेले असे. ट्रेंटनंतर सर्व काही संपले, असे धर्मशिक्षकाने सांगू नये. सहावे पॉल यांनी १ जानेवारी १९६७ च्या आदेशाने दिवसांचा व वर्षांचा हिशेब काढून टाकला. पूर्ण दंडसुटीसाठी पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद व प्रार्थना यांबरोबर कोणत्याही पापाची, अगदी क्षुल्लक पापाचीही, ओढ उरलेली नसावी, ही अट राहिली. १९६७ नंतरचा वाद पैशाविषयी नाही.

तो कशाविषयी आहे, हे इंदूरच्या माणसाला समजावणे सोपे आहे. पलासियाच्या आसपास राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांना कॅथलिकांचा लाल गिरजा आणि पांढरे सेंट ॲन चर्च ही दोन्ही परिचित. आणि धर्मभगिनी राणी मारिया यांचे नाव दोन्हीकडे आदराने घेतले जाते. देवास जिल्ह्यातील उदयनगर भागात गोरगरिबांना सावकारीतून सोडविणाऱ्या या भगिनीची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमध्ये हत्या झाली. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये राणी मारियांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही धर्मभगिनीच, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. क्षमा झाली, पण तुरुंगाचे दार त्या दिवशी उघडले नाही. कुटुंबीयांनी त्याच्या सुटकेसाठी रदबदली केली आणि २००६ मध्ये तो बाहेर आला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात राणी मारियांना धन्य घोषित करण्यात आले.

दोष व दंड यांतील भेद यापेक्षा स्पष्ट दाखविता येणार नाही. कॅथलिक शिक्षक दाविदाचे उदाहरण याच अर्थाने देतो : नाथानाने क्षमा कळविली, तरी मूल वाचले नाही. मात्र हा दाखला जेथे लंगडतो, नेमका तेथेच मतभेद आहे. इंदुरात क्षमा करणारी बहीण आणि दंड देणारे शासन हे दोन निराळे पक्ष होते. देवाच्या ठायी ते दोन नाहीत. ज्याने क्षमा केली त्यानेच दंड शिल्लक ठेवावा, ही कसली क्षमा, असा सुधारकांचा प्रश्न आहे. दाविदाला झाले ते पित्याने पुढील वाटचालीसाठी लावलेले वळण होते, थकबाकीची वसुली नव्हती, असे कॅल्व्हिनने उत्तर दिले. याला आजची कॅथलिक शिकवणूकही पूर्वीइतक्या न्यायालयीन भाषेत उत्तर देत नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात हा दंड देवाने बाहेरून घेतलेला सूड नसून पापाच्या स्वभावातूनच उद्भवतो, असे म्हटले आहे. म्हणजे कॅल्व्हिनच्या ‘वळणा’पासून तो फार दूर नाही. अंतर उरते ते अधिकाराबाबत : त्या वळणाच्या काळात ख्रिस्तसभेला काही देता येते काय, आणि मृतांपर्यंत तिचा हात पोहोचतो काय?

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक व ल्यूथरन पक्षांनी नीतिमान ठरविले जाण्याविषयी संयुक्त घोषणा केली. पुढे मेथॉडिस्ट व रिफॉर्म्ड मंडळ्यांनीही तिला संमती दिली. तारण केवळ कृपेने, हे सर्वांनी मिळून म्हटले. दंडसुटीचा निकाल त्या घोषणेत नाही, आणि २०००, २०१६ व २०२५ या तिन्ही ज्युबिली वर्षांत दंडसूट पूर्ववत दिली गेली.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हा प्रश्न पुस्तकाबाहेर येतो. १ ते ८ तारखांत कबरस्तानात जाऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्या कॅथलिकाला त्यांच्यासाठी दंडसूट मागता येते. त्याच कबरीजवळ उभा असलेला त्याचा प्रॉटेस्टंट मेहुणा मृतासाठी काही मागत नाही, केवळ उपकार मानतो. दोघांच्या मध्ये उभे असलेले मूल धर्मशिक्षणाच्या वर्गात येऊन विचारते, आजोबांना अजून क्षमा झाली नाही का? क्षमा झाली आहे, असे उत्तर दोन्ही मंडळ्यांचे धर्मशिक्षक निःशंकपणे देऊ शकतात. मग आपण प्रार्थना कशासाठी करतो, हा त्या मुलाचा पुढचा प्रश्न असतो. आणि तेथून दोन्ही वर्गांतील उत्तरे वेगळी होतात.