वेशीपाशी अडलेली लहर

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आग्रा–मुंबई रस्त्याच्या कडेने तारायंत्राचे खांब उभे राहिले आणि ग्वाल्हेर व इंदूर ही मराठी दरबारांची दोन्ही ठिकाणे मुंबईशी जोडली गेली. ज्या शेकडो गावांच्या शिवारांतून ही तार गेली, त्या गावांना मात्र तिचा काही उपयोग नव्हता. तार डोक्यावरून जात होती आणि गावात तारघर नव्हते. दळणवळणाच्या इतिहासात शोध कधी लागला याची नोंद काटेकोरपणे ठेवली जाते. तो शोध गावाच्या वेशीआत कधी आला, याची नोंद फारशी कोणी ठेवत नाही. शासकीय सेवेतील आमची बरीच वर्षे पश्चिम मध्य प्रदेशातील डोंगराळ तहसिलींत गेली. तेथे पाहिलेल्या गोष्टींमुळे आम्हांस या दुसऱ्या नोंदीचे महत्त्व अधिक वाटते.

आरंभ आकाशवाणीपासून करू. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकऱ्यांसाठी एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे त्यासाठी निवडली होती. प्रत्येक गावात वीसेक श्रोत्यांचे मंडळ आठवड्यातून दोनदा सार्वजनिक रेडिओ संचाभोवती बसे, कार्यक्रम ऐके, त्यावर चर्चा करी आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवी. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाचे परीक्षण केले. मंडळे असलेल्या गावांतील लोकांचे ज्ञान इतर गावांच्या मानाने स्पष्टपणे वाढल्याचे त्यांना आढळले. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली, पण पुण्याचे यश सर्वत्र लाभले नाही. पुण्याच्या प्रयोगात लहरीइतकीच काळजी ऐकणाऱ्यांची घेतली गेली होती. मंडळ कोणी बोलवायचे, चर्चा कोणी चालवायची, पत्र कोणी लिहायचे, हे सारे आधी ठरलेले होते. पुढे संच वाटले गेले आणि ही माणसे मागे पडली. बॅटरी संपली की संच पंचायतीच्या कपाटात जाई, आणि बहुधा तेथेच राही.

आपल्या घराण्यांचा रेडिओशी असलेला संबंध आणखी जिव्हाळ्याचा आहे. आकाशवाणीचे इंदूर केंद्र २२ मे १९५५ रोजी सुरू झाले. मालवा हाउसमधून निघणारे नंदाजी आणि भेराजी यांचे माळवी संवाद खेड्यापाड्यांतून ऐकले जात, ते त्यांत गावाची स्वतःची बोली होती म्हणून. आमच्या घरांतून मात्र दिवेलागणीनंतर निराळीच खटपट चाले. दिवसा न लागणारे मुंबईचे मराठी केंद्र रात्री लागे आणि वडीलधारी मंडळी खुंटी हळूहळू फिरवीत ते शोधीत. यात चमत्कार काही नव्हता. मध्यम लहरी दिवसा जमिनीच्या अंगाने जातात. त्यांतील ज्या आकाशाकडे जातात, त्या दिवसा वातावरणाच्या एका विद्युत्भारित थरात शोषल्या जातात. सूर्यास्तानंतर हा थर विरतो आणि वरच्या थरावरून परतलेल्या लहरी शेकडो कोसांवर उतरतात. खरखरीत आणि मध्येच बुडणारा तो आवाज असे, तरी त्यातून मराठी शब्द ओळखू येत. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबांना आपली प्रमाण भाषा कानावर ठेवण्यासाठी या लहरींचा केवढा आधार होता, हे आज सांगितल्याखेरीज नातवंडांना कळणार नाही.

यानंतरचा मोठा प्रयोग दूरदर्शनाचा होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांना कार्यक्रम दाखविण्यात आले. आपल्या राज्यात त्यासाठी रायपूरचा भाग निवडला होता; हैदराबाद आणि गुलबर्गा भागांतील गावेही त्यात होती. जाळीच्या तारेची मोठी छत्री गावातच उभारली जाई. या योजनेत संचांच्या दुरुस्तीची स्वतंत्र व्यवस्था आधीच उभी केलेली होती, म्हणून संच मोठ्या प्रमाणात चालू राहिले. पण उपग्रह केवळ एका वर्षासाठी मिळालेला होता. मुदत संपताच तो भारतावरून हलविला गेला आणि त्यांपैकी बहुतेक गावांत पुन्हा शांतता पसरली. या वेळी दुरुस्ती होती, पण सातत्य नव्हते.

दूरध्वनीची कथा याहून बोलकी आहे. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत देशातील सर्व गावांत दूरध्वनी पोचविण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्या वेळी ५,७६,४९० गावांपैकी सुमारे १ लाख ४० हजार गावांतच दूरध्वनी होता. १९९७ उलटले आणि १९९९ च्या धोरणात नवे वर्ष लिहिले गेले, २००२. गावागावांत सार्वजनिक दूरध्वनी बसविण्यासाठी रेडिओ लहरींची एक पद्धत वापरली गेली होती. एका केंद्रावरून अनेक गावांना बिनतारी जोडणी मिळे. कागदावर गाव ‘जोडलेले’ होई. प्रत्यक्षात बॅटरी उतरलेली किंवा यंत्र बिघडलेले असे आणि दुरुस्त करणारा माणूस जिल्ह्याच्या गावी असे. ही यंत्रे इतकी कुचकामी ठरली की पुढे सार्वत्रिक सेवा निधीतून ती मोठ्या प्रमाणावर बदलावी लागली.

याच्या उलट उदाहरण बेळगावच्या आपल्या बांधवांना अभिमान वाटावा असे आहे. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे छोटे स्वयंचलित एक्स्चेंज तयार केले आणि असे पहिले एक्स्चेंज १९८६ साली बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे बसविले गेले. उन्हाळ्यात, धुळीत आणि वातानुकूलनाच्या सोयीशिवाय चालावे, हाच त्याच्या रचनेचा मूळ हेतू होता. परदेशी यंत्राला थंड खोली लागे आणि ती खोली खेड्यात नसे. कित्तूरचे यंत्र खेडे जसे आहे तसे धरून बनविले गेले, म्हणून त्याचा वंश देशभर पसरला.

आमच्या शेजारच्या धार जिल्ह्यात, पवारांच्या जुन्या संस्थानाच्या भूमीत, १ जानेवारी २००० रोजी ‘ज्ञानदूत’ ही योजना सुरू झाली. गावातील सूचनालयात संगणक ठेवून बाजारभाव, जमिनीच्या नोंदींच्या नकला, दाखल्यांसाठी अर्ज आणि तक्रारी यांची सोय केलेली होती. त्याच वर्षी या योजनेला स्टॉकहोमचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कल्पना उत्तम होती आणि ती राबविणारे तळमळीचे होते. तरीही बऱ्याच सूचनालयांपुढची अडचण जुनीच होती: वीज जाई आणि दूरध्वनीची तार बंद पडे.

पुढे भ्रमणध्वनी आला. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू आणि सुखराम यांच्यात देशातील पहिले संभाषण झाले. वीसच वर्षांत हे यंत्र मजुराच्या खिशातही पोचले, ही लहान क्रांती नव्हे. पण ज्याला लोक ‘रेंज’ म्हणतात, ती लहर स्वभावाने मध्यम लहरीसारखी नाही. तिला समोर मोकळी दिशा लागते. सुरुवातीच्या डिजिटल पद्धतीत एका टॉवरचा आवाका तत्त्वतः ३५ किलोमीटर असला, तरी सातपुड्याच्या एका सोंडेआड तो दोन किलोमीटरांतही संपतो. शिवाय टॉवरला स्वतःची वीज लागते आणि मुख्य जाळ्याशी जोडणी लागते. थोडे ग्राहक, महाग डिझेल आणि अवघड रस्ता यांची बेरीज व्यापाऱ्याला परवडत नाही. म्हणूनच दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून निधी उभारण्याचा कायदा झाला आणि तो १ एप्रिल २००२ पासून अमलात आला.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अशोकनगर जिल्ह्यातील आमखो गावी राज्याचे एक मंत्री फोनवर बोलण्यासाठी जत्रेतील उंच पाळण्यात बसल्याचे छायाचित्र वृत्तपत्रांत झळकले. देश हसला. आम्हांस मात्र त्यात नवल वाटले नाही. मंत्र्यांना पाळणा मिळाला. इतरांसाठी टेकडी किंवा झाड असते. आता धान्य दुकानातील अंगठ्याचे यंत्रही याच लहरीवर चालते. ती नसली तर शिधापत्रिका हातात असूनही धान्यासाठी थांबावे लागते. पूर्वी रेडिओ बंद पडला तर गाणे जाई, आज रेंज गेली तर चूल अडते.

जनगणनेचे आकडे येथे पाहण्यासारखे आहेत. २००१ साली देशातील ३५.१ टक्के कुटुंबांकडे रेडिओ होता आणि ९.१ टक्के कुटुंबांकडे दूरध्वनी. २०११ साली रेडिओ १९.९ टक्क्यांवर उतरला आणि दूरध्वनी ६३.२ टक्क्यांवर चढला. लोकांनी जुने साधन नवे मिळाले म्हणून सोडले. पण नवे साधन सगळीकडे पोचण्याआधीच जुने घरातून गेले, ही गोष्ट या आकड्यांमागे दडून राहते. मे २०२० मध्ये शाळा बंद असताना मध्य प्रदेश शासनाने आकाशवाणीवरून ‘रेडिओ शाळा’ चालविली. लहर डोंगराआडच्या मुलापर्यंत पोचत होती. मात्र अनेक घरांत ती ऐकायला संच उरला नव्हता.

डिजिटल रेडिओच्या बाबतीत हाच प्रकार पुन्हा घडला आहे. आकाशवाणीने डिजिटल रेडिओ मोंदियाल या पद्धतीचे सुमारे पस्तीस मध्यम-लहरी प्रक्षेपक देशभर बसविले. कमी विजेत अधिक दूर जाणारा स्वच्छ आवाज, एकाच लहरीवर दोन-तीन कार्यक्रम आणि पूर-वादळाच्या वेळी लेखी सूचना, हे त्याचे गुण खरे आहेत. दोष इतकाच, की जुन्या संचावर हे प्रसारण ऐकू येत नाही. नवे संच आले ते मुख्यतः मोटारींत बसून, कारण स्वस्त घरगुती संच खेड्याच्या बाजारात आलेच नाहीत. त्यातच डिजिटल लहर क्षीण झाली की जुन्या लहरीसारखी खरखरत नाही, एकदम गप्प होते. आमच्या वडिलांनी खुंटी फिरवून खरखरीतून शब्द वेचले, ती सोय आता नाही. इकडे जुने मध्यम-लहरी प्रक्षेपक एकामागून एक बंद होत आहेत. नागपूरहून १९८८ पासून रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनीही जानेवारी २०१९ मध्ये बंद झाली.

जुलै २०२२ मध्ये केंद्र शासनाने २४,६८० वंचित गावांत चौथ्या पिढीची सेवा नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले. पैसा आणि इच्छा दोन्ही आहेत. आमची विनंती केवळ मोजमापाबद्दल आहे. झाबुआ–अलीराजपूरकडील भिल्ल गाव एका ठिकाणी वसलेले नसते. फळिये टेकड्याटेकड्यांवर विखुरलेले असतात आणि महसुली कागदावर त्या सर्वांचे मिळून एकच गाव असते. रस्त्याकडेच्या एका फळियात रेंज आली की नोंदवहीत ते गाव जोडले गेले, असे होता कामा नये. गणना फळियांची व्हावी. टॉवर कधी उभा राहिला याबरोबरच वर्षाकाठी तो किती दिवस बंद होता, तेही लिहिले जावे. संच कोणाच्या घरात आहे आणि तो बिघडल्यास किती कोसांवर दुरुस्त होतो, हाही रकाना असावा.

आपल्या पूर्वजांपैकी अनेकांनी माळव्यात कमाविसदाराच्या आणि फडणिसाच्या दप्तरांत लेखणी चालविली. नोंद जशी ठेवावी तसा कारभार होतो, हे त्यांना चांगले ठाऊक होते. वंचित गावांच्या यादीतून एखादे नाव कमी करणाऱ्या आजच्या अधिकाऱ्याने त्या गावाच्या शेवटच्या फळियात जाऊन आधी एकदा फोन लावून पाहावा. तो लागला, तरच नावावर रेघ मारावी.